मोरांची शपथ आणि बोल्ट ह्यांची सही

सद्गुण शिकवता येतो काय, ह्या प्रश्नानेच प्लेटोच्या 'मेनो' ह्या संवादाचा आरंभ होतो. चोवीस शतके लोटली तरी त्याचे निःशंक उत्तर कुणाला देता आलेले नाही. तरीही गेल्या चार-पाच दशकांत हा प्रश्न एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उभा राहिला. उद्योगधंद्यांचे भावी धुरीण जेथे घडवले जातात, त्या पदव्युत्तर व्यवस्थापन विद्यालयांत नाटके आणि कादंबऱ्या वाचून नीतिमान नेतृत्वाचा अभ्यास होऊ लागला. हिशेब, बाजारपेठ आणि कायदा ह्यांच्या पंक्तीला सोफोक्लीस आणि शेक्सपिअर येऊन बसले. ह्या प्रयोगाचे मोल काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, ह्याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत. कारण असे शिक्षण घेणारे तरुण आता आपल्याही घरांत आहेत.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स मार्च ह्यांनी १९८० ते १९९४ ह्या काळात नेतृत्वावरील एक अभ्यासक्रम चालवला. त्यात पाठ्यपुस्तके म्हणून 'ऑथेल्लो', शॉ ह्यांचे 'सेंट जोन', टॉल्स्टॉय ह्यांची 'युद्ध आणि शांती' आणि सर्व्हांतीस ह्यांची 'डॉन किहोते' ह्या चार साहित्यकृती होत्या. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स ह्यांनी कथा-कादंबऱ्यांच्या आधारे नीतिविचार शिकवला. पुढे तेथेच 'द मॉरल लीडर' हा ऐच्छिक विषय रुजला. तो शिकवणाऱ्या सँड्रा सूचर ह्यांनी २००७ साली ह्या अभ्यासक्रमावर पुस्तकही लिहिले. 'अँटिगनी', चिनुआ अचेबे ह्यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट', काझुओ इशिगुरो ह्यांची 'द रिमेन्स ऑफ द डे' आणि रॉबर्ट बोल्ट ह्यांचे 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' ही त्यांच्या यादीतील काही नावे.

ह्याची गरज का भासली असावी? २००१ साली एन्रॉन ही बलाढ्य कंपनी कोसळली. तिचे एक प्रमुख जेफ्री स्किलिंग १९७९ साली हार्वर्डच्याच व्यवस्थापन विद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेले. २००६ साली न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवले. अशी माणसे अडाणी नसतात. हिशेब कसा ठेवावा हे ठाऊक असल्यामुळेच तो कसा लपवावा हेही त्यांना कळते. व्यवस्थापनाच्या वर्गात विद्यार्थ्याला एखाद्या कंपनीचा पेचप्रसंग देतात, आकडे पुरवतात आणि तास संपण्यापूर्वी निर्णय घ्यायला लावतात. ह्या पद्धतीने बुद्धी तल्लख होते. मात्र निर्णय घेतल्यानंतर माणसाला त्या निर्णयासह उरलेले आयुष्य काढावे लागते, हे तिला दाखवता येत नाही. कादंबरी नेमके तेच दाखवते. एका चुकीच्या होकाराचे पडसाद वीस वर्षांनंतर एखाद्याच्या एकाकी संध्याकाळी कसे उमटतात, हे सांगायला तिच्यापाशी पाने असतात आणि धीरही असतो.

ह्या यादीतील बोल्ट ह्यांचे नाटक आपल्या वाचकांना जवळचे वाटेल, कारण त्याचे नायक संत थॉमस मोर आहेत. १९६० साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या ह्या नाटकावर १९६६ साली फ्रेड झिनेमन ह्यांनी चित्रपट काढला आणि तो जगभर गाजला. कथा सर्वांना माहीत आहे. राजा आठवा हेन्री पहिल्या राणीला दूर करून दुसरा विवाह करतो. १५३४ साली त्या विवाहाच्या वारसांना मान्यता देणारी शपथ प्रजेवर लादली जाते. मोर ती घेत नाहीत आणि ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद होतो. १९३५ साली पोप पायस अकरावे ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले आणि २००० साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे आणि राजकारणी व्यक्तींचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

बोल्ट ह्यांनी रंगवलेले मोर मरणाला आतुर झालेले हुतात्मे नाहीत. ते कसलेले वकील आहेत. कायद्याच्या तटबंदीत शक्य तेवढा आडोसा शोधतात, मौन बाळगतात, कारण मौनाला शिक्षा नाही. घर, मुलगी, मित्रांची मैफल, सारे त्यांना प्रिय आहे. एक एक आडोसा ढासळत जातो आणि अखेर उरते ते केवळ स्वतःचे वचन. शपथ घेताना माणूस स्वतःलाच ओंजळीत धरून उभा असतो, ही ह्या नाटकाची मध्यवर्ती कल्पना. नेतृत्वाच्या वर्गात हे नाटक का लावतात, हे एवढ्यावरून उमजते.

पण आमचा पहिला आक्षेप इथेच आहे. असे नाटक वर्गात वाचताना प्रत्येक विद्यार्थी मनातल्या मनात मोर होऊन बसतो. रिचर्ड रिच व्हायला कुणी तयार नसतो. रिच हा नाटकाच्या आरंभी एका चांगल्या पदासाठी मोरांच्या मागे लागलेला, हुशार, गरीब आणि अधीर तरुण. मोर त्याला शिक्षक होण्याचा सल्ला देतात. तो त्याच्या पचनी पडत नाही. पुढे एका सरकारी पदाच्या मोबदल्यात तो न्यायालयात खोटी साक्ष देतो. खरा रिच पुढे चॅन्सेलर झाला आणि आपल्या बिछान्यात मेला. पदव्युत्तर विद्यार्थ्याचे वय, त्याची हुशारी आणि त्याची घाई लक्षात घेता ह्या नाटकातील त्याचा आरसा रिच आहे, मोर नव्हेत. बोल्ट ह्यांनी 'कॉमन मॅन' नावाचे आणखी एक पात्र योजले आहे. तोच कधी नोकर, कधी नावाडी, कधी तुरुंगाचा रखवालदार आणि शेवटी मारेकरी होतो. प्रत्येक वेळी तो आपले पोट सांभाळतो. ज्या शिक्षकाने ह्या दोन पात्रांवर तास खर्ची घातला नाही, त्याने नाटक शिकवले नाही. केवळ एक पुतळा दाखवला.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो आपल्याला टोचणारा आहे. १५२९ ते १५३२ ह्या काळात मोर इंग्लंडचे चॅन्सेलर होते. त्या काळात पाखंडाच्या आरोपावरून माणसे जिवंत जाळली गेली आणि त्या शिक्षेचे समर्थन मोरांनी आपल्या लेखणीने केले. बोल्ट ह्यांच्या नाटकात ह्याला स्थान नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या हिलरी मँटेल ह्यांच्या 'वुल्फ हॉल' ह्या कादंबरीने नेमकी हीच बाजू पुढे आणली आणि तिच्यातील मोर कठोर झाले. आमच्या मते अशा अभ्यासक्रमात ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. स्वतःच्या सदसद्विवेकासाठी प्राण देणाऱ्या थोर पुरुषालाही दुसऱ्याच्या सदसद्विवेकाची किंमत कळली नव्हती, हे मान्य केल्याने त्यांचे हौतात्म्य उणे होत नाही. उलट नेतृत्वाचा सर्वांत अवघड धडा तेथेच सापडतो: सत्ता हाती असताना आपण कसे वागलो, ह्याची परीक्षा सत्ता गेल्यानंतरच्या धैर्याने पुसली जात नाही.

आता तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ह्या नाटकाचे लेखक रॉबर्ट बोल्ट स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती नव्हते; काही वर्षे शाळेत इंग्रजी शिकवून ते नाटककार झालेले. नाटक रंगभूमीवर आल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९६१ साली, अण्वस्त्रविरोधी चळवळीत तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल ह्यांच्याप्रमाणे तेही पकडले गेले. यापुढे शांततेने वागू, असे हमीपत्र लिहून देण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना एक महिन्याची कैद झाली. त्या वेळी ते 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' ह्या चित्रपटाची पटकथा लिहीत होते. काम अडले. निर्माते सॅम स्पीगेल ह्यांनी तुरुंगात येऊन त्यांची मनधरणी केली आणि शिक्षा संपण्यापूर्वीच बोल्ट ह्यांनी हमीपत्रावर सही केली. त्या सहीची खंत त्यांना पुढे जन्मभर सलत राहिली.

सही न करणाऱ्या माणसावर एवढे समर्थ नाटक लिहिणाऱ्यालाच सही करावी लागली! मग साहित्याने माणूस नीतिमान होतो हा दावा कोसळला असे म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. चित्रपट रखडला असता तर त्यावर अवलंबून असलेल्या अनेकांचे काम थांबले असते. बोल्ट ह्यांच्यापुढचा पेच खोटा नव्हता. पण आपण काय गमावले ते त्यांना ओळखता आले, कारण त्या गमावण्याला त्यांनी स्वतःच शब्द दिले होते. दुसऱ्या एखाद्याने तीच सही व्यवहार म्हणून केली असती आणि रात्री निवांत झोपला असता. पेत्राने तीनदा नाकारले, पण कोंबडा आरवताच तो बाहेर जाऊन रडला. त्या रडण्यातच पुढचा पेत्र होता. साहित्याच्या अभ्यासाने अंगी बळ येईलच, ह्याची हमी कुणी देऊ नये. पतन झाल्यावर त्याला पतन म्हणण्याची शक्ती मात्र तो देतो. 'मला कळलेच नाही' ही सबब तो काढून घेतो. एवढे झाले तरी विद्यापीठाचे शुल्क वाया गेले नाही असे आम्ही म्हणू.

यादीतील इशिगुरो ह्यांची १९८९ सालची कादंबरी ह्याच विचाराची दुसरी बाजू दाखवते. स्टीव्हन्स हा एका इंग्रज उमरावाच्या वाड्यातील मुख्य सेवक. मालकाच्या हुकमावरून दोन ज्यू मोलकरणींना केवळ त्या ज्यू आहेत म्हणून कामावरून काढायचे असते. स्टीव्हन्सला ते पटत नाही, तरी तो चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते काम पार पाडतो आणि त्यालाच सेवेची प्रतिष्ठा समजतो. सहकारी स्त्री निषेध करते, नोकरी सोडण्याची भाषा करते, पण जायला दुसरी जागा नसल्याने तीही थांबते. नेतृत्वाच्या अभ्यासात एका सेवकाची कथा वाचायला लावणे ही आमच्या दृष्टीने ह्या अभ्यासक्रमाची सर्वांत शहाणी निवड होय. शिखरावर पोहोचणारे थोडे. वरून आलेला हुकूम खाली पोहोचवणारे पुष्कळ. बहुतेक अन्याय ह्या मधल्या पायऱ्यांवरूनच खाली उतरतो.

हे सारे दूरदेशीचे वाटण्याचे कारण नाही. मराठी वाचकापाशी तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ पासून आहे. नाना फडणवीस स्वतःच्या सोयीसाठी घाशीरामाला सत्ता देतो आणि सोय संपताच त्याला जमावाच्या हवाली करतो. संस्था माणसे कशी वापरते आणि कशी टाकून देते, ह्याचा ह्याहून धारदार धडा कुठल्या विद्यापीठात मिळणार?

वाचकहो, आपल्यातले कुणी पतपेढीचे संचालक आहेत, कुणी मुख्याध्यापक, कुणी धर्मग्रामाच्या मंडळाचे सभासद, कुणी कार्यालयातले अधिकारी. कर्ज कुणाला द्यावे, कुणाची नेमणूक करावी, कोणत्या कागदावर सही करावी, हे प्रश्न त्यांच्यापुढे रोज येतात. त्यासाठी परदेशी पदवीची वाट पाहायला नको. वर्षातून दोन-तीन पुस्तके दहाजणांनी मिळून वाचावीत, वाद घालावा. आणि वाचताना प्रत्येकाने नायकाची खुर्ची रिकामी ठेवून आधी रिचच्या, नावाड्याच्या आणि स्टीव्हन्सच्या जागी बसून पाहावे. मोरांची जागा कुणाच्या वाट्याला केव्हा येईल हे सांगता येत नाही. त्या तिघांच्या जागा मात्र आपल्याकडे आजच आहेत.