दादर म्हणजे काय? : संझगिरींच्या उपमा वाचताना

संशोधन सोपं करून सांगायला बसलं की हात आधी उपमेकडे जातो. क्रिकेटवर मराठीत लिहिताना ही युक्ती सगळ्यात मोकळ्या हाताने वापरली ती द्वारकानाथ संझगिरींनी. ६ फेब्रुवारी २०२५ला ते गेले. त्यानंतर धुळे-जळगाव एसटीत, पारोळा-एरंडोलचे धक्के खात, मी त्यांना पुन्हा वाचत होते.

माणूस सिव्हिल इंजिनिअर, नोकरी मुंबई महापालिकेत. १९८३चा विश्वचषक जिंकल्यावर मित्रांसोबत ‘एकच षटकार’ हे पाक्षिक काढलं. मग सिनेमा, प्रवास, क्रिकेट, सगळं मिळून चाळीसेक पुस्तकं. एवढा वेळ मिळायचा कुठून, देव जाणे!

त्यांच्या लिखाणात फलंदाज खेळायला लागला की हिंदी सिनेमातलं गाणं किंवा नटी हजर. ही उपमा धुळ्यातही पोचते, कारण तो सिनेमा आम्हीही पाहिलेला असतो. पण ‘दादर - एक पिनाकोलाडा’ हातात घ्या. खान्देशात दादर म्हणजे ज्वारी! काळ्या जमिनीत रब्बीला येते ती, भाकरीची. ते मुंबईचं दादर मला बाहेरूनच बघावं लागलं. उपमेचं एक टोक वाचकाच्या घरात असावं लागतं, नाहीतर ती लेखकाच्याच गल्लीत राहते.

दुसरी तक्रार मोठी आहे. फटका कसा दिसला, हे संझगिरी झकास सांगतात. चेंडू वळला का, हे मी वाचलेल्या लेखांत क्वचितच येतं, आणि तेही इंजिनिअरच्या लेखणीतून! नव्या चेंडूची शिवण तिरकी धरली की त्या बाजूला चिकटलेल्या हवेचा थर खळबळतो. असा थर चेंडूला जास्त वेळ धरून राहतो, गुळगुळीत बाजूचा लवकर सुटतो. त्यामुळे मागची हवा एकीकडे ढकलली जाते आणि चेंडू दुसरीकडे, शिवणीचं तोंड असेल तिकडे. वेग फार वाढला तर हेच चित्र उलटतं. इथे एखादी नटी आणली असती तर मजा आली असती, कळलं काही नसतं.

तरी खरं सांगते, चार ओळींचा तो थर तुमच्यापुढे मांडायला मला तीन खर्डे लागले. संझगिरींचा लेख कंडक्टर तिकीट फाडेपर्यंत वाचून होतो, आणि पुढच्या स्टॉपलाही डोक्यात असतो.