४५ अंशांत २७ अंशांचा समुद्र

चंद्रपुरात प्रवाळांची टाकी म्हटले की ऐकणारा आधी मे महिन्याचे नाव घेतो. त्याचे चुकत नाही. नवतपात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास मुक्काम ठोकून असतो, एखाद्या वर्षी ४७-४८ पर्यंत चढतो, आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावे संध्याकाळच्या बातम्यांत जणू ठरलेलीच असतात. प्रवाळांना मात्र २५ ते २७ अंशांचे पाणी मानवते. तरीही घरातल्या समुद्राचे पाणी गार ठेवण्याची कला तिच्या शुद्ध रूपात पाहायची असेल, तर ती चंद्रपूरच्या मे महिन्यातच पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी हे पाणी इतके जपायचे का, ते पाहू. प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडात अन्न तयार करते, त्यावर प्रवाळ जगतो, आणि त्याचे बरेचसे रंगही त्या शैवालाचेच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. आपल्या मालवणच्या समुद्रातही हे घडले आहे; गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी ते नोंदवले आहे. एवढ्या मोठ्या समुद्रात एक अंश जड जातो, तर शंभर लिटरच्या काचेच्या टाकीत काय होईल?

आपल्या मामा तलावांतल्या माशांना निदान डोह असतो. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या या जुन्या तलावांत दुपारी वरचा थर तापतो, तेव्हा मासे खाली उतरतात, कमळाच्या पानांच्या सावलीत जातात. घरातल्या टाकीत ना डोह, ना सावली. वर दिवे, आत पंप, चारही बाजूंनी तापलेली हवा. अशा ठिकाणी गारवा आणायचा तो फक्त पाण्याच्या पृष्ठभागावरून.

आता तो पृष्ठभाग नीट पाहा. काचेचे झाकण काढलेले. मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून त्या जागी बारीक जाळी. काठावर एक छोटा पंखा, थोडा तिरका. वारा पाण्यावर आपटत नाही, पाण्याला घासून जातो, आणि पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या उठतात. बस्स, रचना एवढीच. पण तिच्या आतला हिशेब मोठा देखणा आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती बहुतांशी मागे राहिलेल्या पाण्यातूनच घेतली जाते. म्हणजे शंभर लिटरच्या टाकीतले एकच लिटर उडून गेले, तर उरलेल्याचे तापमान जवळजवळ सहा अंशांनी उतरावे! बाहेरून उष्णता सतत आत येत असते म्हणून प्रत्यक्षात तेवढे उतरत नाही. पण एका लिटरच्या जाण्यात एवढे बळ असावे, याला मी दरवेळी मनापासून दाद देतो.

हे बळ किती पुरेल, ते हवा ठरवते. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वाऱ्यात धरा. पारा जिथे थांबतो, त्याच्याखाली नुसत्या बाष्पीभवनाने पाणी जाऊ शकत नाही. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याचा पारा २४ अंशांवर थांबतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तोच पारा २८च्या वर राहतो. म्हणजे बारा अंशांनी कमी तापलेल्या, खुद्द समुद्राकाठच्या मुंबईत पंख्यावर प्रवाळ जगवणे अवघड, आणि शेकडो किलोमीटर आत, भाजून निघणाऱ्या चंद्रपुरात सोपे. जी कोरडी हवा आपले ओठ फोडते, तीच टाकीचा ताप उतरवते.

विदर्भाला हे नवे नाही. माठ पाझरतो म्हणून गार राहतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून दुपारी काढणारी पिढी हेच करत होती, कूलरही हेच करतो. ऊर्जानगरच्या २,९२० मेगावॉटच्या वीज केंद्राचे कुलिंग टॉवर पांढरी वाफ सोडतात, तेही याच तत्त्वावर. त्या टॉवरांपासून काठावरच्या त्या चिमुकल्या पंख्यापर्यंत एकच युक्ती आहे, आणि मला तिचे सर्वांत नाजूक रूप पंख्यात दिसते.

यातही एक बारकावा आहे. खोलीत कूलर लावला, की हवा ३० अंशांवर येते, पण ओलसर होते. मग पंखा निकामी होईल, असे वाटते. तसे होत नाही. कूलर हवेचे तापमान उतरवतो, पण ओल्या फडक्याचा पारा जवळपास तिथेच ठेवतो. टाकीतून बाष्पीभवन कमी होते, आणि टाकीत शिरणारी उष्णताही कमी होते. पाणी २७च्या आसपास स्थिरावते आणि दिवसभरात कमी हलते. खिडकी मात्र उघडी हवी. कोंडलेल्या खोलीत कूलर सगळेच बिघडवतो.

याची किंमत मिठात मोजावी लागते. वाफ होऊन जाते ते गोडे पाणी. मीठ मागे राहते. दर लिटरला ३५ ग्रॅम क्षार असलेल्या शंभर लिटरांतून दिवसाला तीन लिटर उडाले, तर दुसऱ्या दिवशी ते प्रमाण ३६च्या वर जाते. आठवडाभर दुर्लक्ष केले, तर उष्णतेतून वाचवलेला प्रवाळ क्षाराने जाईल. म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खारट पाण्याची नव्हे, आणि रोज, थोडी थोडी. चांगला टाकीवाला याच शिस्तीवरून ओळखावा.

चिलर हे यंत्र चोख आहे, पण पाण्यातली उष्णता ते त्याच खोलीत ओकते आणि ४५ अंशांच्या हवेत धापा टाकते. बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडणे मला मुळीच पसंत नाही. पाणी भराभर उतरते, भराभर चढते, आणि प्रवाळाला तो हेलकावा उष्णतेइतकाच जाचतो. लाईट गेली तर पंख्याआधी पंप इन्व्हर्टरवर घ्यावा. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. वाहते पाणी थांबले, की मासे प्रवाळांच्या आधी गुदमरतात.

टाकीत काय ठेवायचे, हेही कलेचाच भाग आहे. आपल्या समुद्रातले खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना २००१ पासून हे संरक्षण आहे. ताडोब्याच्या वाघाला जो कायदा, तोच त्यांना. दुकानदार कितीही आग्रह करो, ते घेऊ नयेत.

आणि एक विनंती. मृगाचा पाऊस आला, हवा गार झाली, म्हणून निर्धास्त होऊ नका. जून सरता सरता ओल्या फडक्याचा पारा २७-२८ला पोहोचतो. कूलर नुसती चिकचिक करू लागतो, आणि पंखा फिरत असूनही टाकी ३० अंशांकडे सरकते. चिलर घ्यायचाच असेल तर तो मे महिन्यासाठी नव्हे, जुलैसाठी घ्या.