‘निसर्ग हीच माझी प्रेरणा’: रोडपालीतल्या चित्रांखालचे कागद

मुलाखतीत लोक जी कारणं सांगतात ती प्रबंधात कशी वापरायची, हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पडलेला आहे. आज त्याचं उत्तर एका छोट्या चित्रप्रदर्शनाच्या निमित्ताने द्यायचा प्रयत्न करते. म्हटलं तर हे परीक्षण आहे, म्हटलं तर माझ्याच एका चुकीचा हिशोब.

प्रदर्शन आमच्या रोडपालीतलं. एका सभागृहात नववी ते बारावीच्या मुलांची चित्रं लावली होती. प्रत्येक चित्राखाली एक कागद आणि त्यावर शीर्षक, ‘माझ्या चित्रामागची प्रेरणा’. खाली चार ओळी मुलांनी स्वतः लिहायच्या. माझा विषयच ‘विद्यार्थी आपल्या कलाकृतीबद्दल काय सांगतात’ हा असल्यामुळे मी वही घेऊन हजर होते. सगळे कागद उतरवून घेतले, घरी येऊन कोडिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी गाईडना सांगितलं, “मॅडम, निष्कर्ष स्पष्ट आहे. मुलांची मुख्य प्रेरणा निसर्ग.”

मॅडम म्हणाल्या, “रोडपालीत? कुठला निसर्ग?”

प्रश्न टोचणारा होता, पण बरोबर होता. रोडपाली पनवेल तालुक्यातलं, कळंबोलीला चिकटून. एका बाजूला कळंबोलीचं लोखंड-पोलाद मार्केट, त्यामुळे रस्त्यावर ट्रेलरच ट्रेलर. पलीकडे तळोज्याची एमआयडीसी. मधे जुनं गाव, तलाव, आणि भोवती सिडकोचे सेक्टर. मग हा डोंगरातून उगवणारा सूर्य आला कुठून? मी कागद वाचले होते, चित्रं नीट बघितलीच नव्हती. परत गेले. तिथली दोन चित्रं सांगते.

पहिलं दहावीतल्या एका मुलाचं. रात्र, पाऊस, ट्रेलरची मागची बाजू. लोखंडी कॉइल, तिला बांधलेल्या साखळ्या, खड्ड्यातल्या पाण्यात लाल दिव्याचं प्रतिबिंब. चित्र चांगलंच आहे. साखळीच्या कड्या एकसारख्या नाहीत, ताण आहे तिथे त्या लांबट झाल्यात, म्हणजे पोराने साखळी बघितलेली आहे. खाली कागदावर मात्र: ‘देशाच्या प्रगतीत वाहतूक क्षेत्राचे मोठे योगदान आहे. हीच माझी प्रेरणा.’ हे वाक्य निबंधाच्या वहीतलं आहे. ते चित्राला कुठेही स्पर्श करत नाही. चित्रात प्रगती नाही, गाडी उभी आहे.

दुसरं नववीतल्या मुलीचं. भातशेती, दोन डोंगर, मधे सूर्य, झोपडी. एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्राच्या सरावात आपण सगळ्यांनी काढलेलं असतं तेच. कागदावर: ‘निसर्ग हीच माझी प्रेरणा.’ पहिल्या दिवशी मी वहीत यापुढे ‘अनुकरण’ असं लिहून मोकळी झाले होते. दुसऱ्यांदा बघताना दिसलं की शेताच्या कडेला एक रुंद बांध आहे, बांधाला एक खाच आणि खाचेत उभी लाकडी फळी. कॅलेंडरवरच्या शेतात अशी फळी नसते. विचारल्यावर ती म्हणाली, “ती उघाडी आहे. आजी सांगते, खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून असायची.” शेत त्यांचंच होतं. तिच्या जन्माआधीच संपादनात गेलेलं, आणि साडेबारा टक्क्यांत मिळालेल्या भूखंडावर आता बिल्डिंग. मग कागदावर ‘निसर्ग’ का लिहिलंस? “ताई, सगळे तेच लिहितात ना. नमुना पण तसाच दिला होता.”

सिडको 1970 साली स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. हा इतिहास आपण आकड्यांत वाचतो. इथे तो एका फळीच्या रूपाने चित्रात आला होता आणि मी त्याला ‘अनुकरण’ म्हणून बाजूला टाकलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, कागदावर विश्वास ठेवू नका, मुलांशी बोला. थांबा. इतकं सोपं नाही, आणि नेमकं इथेच संशोधनाला सुरुवात होते.

1977 साली निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. त्यातला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. दुकानात नायलॉनच्या मोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या आणि गिऱ्हाइकांना विचारलं, सगळ्यात चांगली कोणती? चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. तरी सगळ्यात उजवीकडची जोडी फार जास्त वेळा निवडली गेली. कारण विचारल्यावर लोकांनी दर्जा वगैरे सांगितलं. जागेमुळे निवडली असेल का, असं विचारलं तर जवळपास सगळ्यांनी नाही म्हटलं. लोक खोटं बोलत नव्हते. आपल्या मनात काय घडलं हे आपल्याला आतून दिसतं असं आपण धरून चालतो. पुष्कळदा आपण पटेल असं कारण जुळवतो आणि आपल्यालाही ते खरं वाटतं.

म्हणजे माझ्यासमोर बसून मुलाने सांगितलेलं कारण कागदावरच्या कारणापेक्षा आपोआप खरं ठरत नाही. ट्रेलरवाल्या मुलाला मी विचारलं होतं, “तू इतक्या खालून का बघितलंयस?” कारण चित्रात नजरेची पातळी खूप खाली आहे, मडगार्डच्या जरा वर. तो म्हणाला, “लहान असताना बाबांचा डबा घेऊन जायचो, तेव्हा अशीच दिसायची गाडी.” मला भरून आलं. आणि संध्याकाळी लक्षात आलं की ‘खालून’ हा शब्द मीच त्याच्या तोंडात दिला होता.

दुसरी अडचण साहित्यसमीक्षेतली. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी 1946 साली मांडलं की लेखकाचा हेतू हा कृतीचं यश मोजायचा निकष होऊ शकत नाही. हेतू कृतीत उतरला असेल तर तो कृतीतच सापडेल, आणि उतरला नसेल तर बाहेरून सांगून उपयोग नाही. हे त्यांनी कवितेबद्दल म्हटलं, पण आमच्या सभागृहालाही लागू होतं. ‘योगदान’ चित्रात नाही, म्हणून कागदावर लिहून ते चित्रात येत नाही.

मग काय, प्रेरणेबद्दल विचारूच नये? मला तसं वाटत नाही. अडचण ‘प्रेरणा’ या शब्दाच्या वापरात आहे. आपण म्हणतो, ‘निसर्गापासून प्रेरणा मिळाली’, ‘अमक्याचा प्रभाव पडला’. या वाक्यांत काम करणारा निसर्ग किंवा तो अमका, आणि चित्रकार नुसता घेणारा. कलेतिहासकार मायकेल बॅक्सेंडॉल याने 1985 च्या ‘पॅटर्न्स ऑफ इन्टेन्शन’ या पुस्तकात ‘प्रभाव’ या शब्दावर हीच हरकत घेतली. त्याने बिलियर्ड्सचा दाखला दिलाय, आपण कॅरमवर बघू. आपल्याला वाटतं आधीचा चित्रकार म्हणजे स्ट्रायकर आणि नंतरचा म्हणजे ढकलली गेलेली सोंगटी. बॅक्सेंडॉल म्हणतो, उलट बघा. नंतरचा चित्रकार स्ट्रायकर आहे. तो आधीच्याकडे जातो, त्यातलं काही उचलतो, काही टाळतो, काही वाकवतो, आणि त्यामुळे बोर्डावरची मांडणीच बदलते. पिकासोने सेझानचं काय केलं, असा प्रश्न विचारायचा.

हा प्रश्न घेऊन मी ट्रेलरवाल्या मुलाकडे परत गेले. या वेळी ‘का’ विचारलं नाही. “कशावरून काढलंस?” एवढंच. त्याने मोबाईलमधला फोटो दाखवला. फोटो उभ्याने काढलेला, दिवसाचा, कोरड्या रस्त्यावरचा. चित्रात मात्र रात्र, पाऊस आणि नजर खाली. म्हणजे हे तिन्ही बदल त्याने केलेत. डब्याची आठवण खरी की नंतर सुचलेली, हे मला सिद्ध करता येणार नाही. फोटो आणि चित्र यांतला फरक मात्र टेबलावर ठेवून कुणालाही दाखवता येतो. प्रबंधात टिकेल असा पुरावा हा.

आपल्याकडे स्वतःच्या चित्रप्रक्रियेवर मराठीत गांभीर्याने लिहिणारा चित्रकार म्हणजे प्रभाकर बरवे. ते आपल्याच रायगड जिल्ह्यातले, 1936 साली नागावात जन्मलेले. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ 1990 साली आलं. प्रदर्शनातल्या कागदांनंतर हे पुस्तक उघडलं की फरक लगेच कळतो. बरवे प्रेरणेचं नाव सांगून थांबत नाहीत. रिकामा अवकाश, त्यात ठेवलेली वस्तू, वस्तूचा आकार आणि तिच्या शेजारचा आकार, यांचं काय होतं याचा ते विचार करतात. चित्रकार काय करतो, हे तिथे वाचायला मिळतं.

पण आपण संशोधक, त्यामुळे बरव्यांनाही तोच प्रश्न विचारायला हवा: हे कधी लिहिलं? पुस्तक म्हणजे मागे वळून केलेली मांडणी, कितीही प्रामाणिक असली तरी. त्यांच्या डायऱ्या ही वेगळी वस्तू आहे. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, त्यात चित्रांबरोबर त्या डायऱ्याही होत्या. काम चालू असताना केलेली टिपणं आणि रेखाटनं एका बाजूला, वर्षांनंतरचं पुस्तक दुसऱ्या बाजूला. दोन्ही साधनं मोलाची, पण एकाच रकान्यात घालायची नाहीत. एक प्रक्रियेची खूण आहे, दुसरं प्रक्रियेचं आकलन.

म्हणून तुमच्या सिनॉप्सिसच्या आधी एवढं करा. ‘प्रेरणा काय?’ हा प्रश्न प्रश्नावलीतून काढा. त्याजागी विचारा: आधी काय काढलं होतंस, काय खोडलंस, कशावरून घेतलंस, त्यात काय बदललंस. कच्ची रेखाटनं, फोटो, खाडाखोड मागून घ्या. चित्र संपायच्या आधी एकदा तरी भेटा. आणि नंतर सांगितलेलं कारण फेकू नका. ‘मुलं आपल्या चित्राबद्दल कशी बोलायला शिकतात’ याचा तो उत्तम पुरावा आहे. आमच्या सभागृहात ‘निसर्ग’ हा शब्द मुलांच्या मनाबद्दल फारसं सांगत नव्हता. कुठलं उत्तर दिलं की शाबासकी मिळते, हे तो बरोब्बर सांगत होता.

आयोजकांबद्दल तक्रार नाही. मुलांनी आपल्या कामाबद्दल लिहावं हा हेतू चांगलाच, आणि जागा करून दिली नसती तर हे सगळं दिसलंच नसतं. फक्त नमुना उत्तर भिंतीवर लावायला नको होतं. आपलं शेत गेलेली मुलगी ‘निसर्ग’ लिहून मोकळी होते आणि ते वाचून मीही मोकळी होते, यात नुकसान दोघींचं.

माझ्या कोडिंगशीटमधला ‘निसर्ग’ हा रकाना मी अजून पुसलेला नाही, पण आतल्या सगळ्या नोंदी बाहेर काढल्यात. एक काम राहिलंय. मुलीच्या चित्रात ती उघाडी शेजारच्या माणसाच्या दुप्पट उंच आहे. फळी खरंच एवढी होती, आजीच्या सांगण्यात मोठी झाली, की कागदावर नातीने वाढवली? रविवारी आजींना भेटायला जातेय. ‘केवढी होती?’ एवढंच विचारणार आहे. मोठी होती का, असं नाही.