न मागितलेलें गाणें

इंटरनेटनें तरुणांचे कान बिघडविले, गाणें स्वस्त झालें आणि अभिरुचि नासली, अशी तक्रार आमच्या वर्धा शहरांतील सुशिक्षितांच्या बैठकींत नित्य ऐकूं येते. ही तक्रार आम्हांस मान्य नाहीं. निदान ज्या कारणांसाठीं ती केली जाते, त्या कारणांसाठीं तरी नाहीं.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें ध्वनिमुद्रित झालें, तेव्हां तबकडीवर सुमारें ३ मिनिटांचेंच गाणें मावत असे. तासभर फुलणारा ख्याल तेवढ्यांत कोंबणें ही गायनाची विटंबनाच, असें कोणा जाणत्यास वाटलें असल्यास नवल नाहीं. तथापि त्याच ३ मिनिटांत अब्दुल करीम खांसाहेबांनीं जें भरून ठेविलें, तें आजही ऐकणारास थक्क करतें. पुढें १९५२ सालीं मंत्री केसकर यांनीं आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार केलीं, तों श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तात्पर्य, माध्यम कलेस मारतें ही ओरड जुनी आहे आणि ती पुष्कळशी खोटीही ठरली आहे. आज स्पॉटिफायसारखी कंपनी ३० सेकंद वाजलेलें गाणें ‘ऐकलें गेलें’ म्हणून मोजते आणि गाण्याच्या आरंभींचा वाद्यमेळ आखूड होत चालला आहे. हा तबकडीचाच नवा अवतार होय. कल्पक गवई यांतूनही वाट काढील.

मग नवें तें काय? आमच्या मतें, तबकडीनें गवयास आखडलें. इंटरनेट श्रोत्यास आखडतें.

हें समजण्यास आमच्या जिल्ह्यांतील एक उदाहरण पुरेसें आहे. १९३६ सालीं गांधीजी सेगांवीं राहावयास आले. तेंच पुढें सेवाग्राम झालें. तेथील प्रार्थनेंत जपानी भिक्षूकडून आलेला बौद्ध मंत्र, गीतेचे श्लोक, कुराणांतील आयती आणि पारशी प्रार्थना एकाच बैठकींत म्हटल्या जातात. तुळशीला पाणी घालून आलेली एखादी बाई तो जपानी मंत्र आपण होऊन कधीं मागती ना. परंतु तो तिच्या कानीं पडला आणि कालांतरानें तिच्या तोंडींही बसला. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूर केंद्र सुरू झालें व पुढें घरोघर रेडिओ आला, तेव्हां तेंच लहान प्रमाणावर घडलें. घरांत यंत्र एक आणि कान अनेक. वडिलांच्या भजनाखातर मुलगा थांबे, मुलाच्या चित्रपटगीताखातर वडील नाक मुरडीत कां होईना, बसून राहत. अभिरुचि घडते ती अशा न मागितलेल्या गाण्यानें. मोबाइलमधील यंत्रणा मात्र आपण काल काय ऐकलें हें टिपून ठेवते आणि आज त्याच्याच जातीचें दुसरें पुढें करते. घरांतील चौघांच्या कानांत चार गाणीं असतात व तीं एकमेकांस कधींच भेटत नाहींत.

कोणी म्हणेल, हा एकांगी विचार झाला. आक्षेप रास्त आहे. आकाशवाणीवर गाण्यासाठीं स्वरपरीक्षेचा उंबरठा ओलांडावा लागे. आज आर्वीची एखादी मुलगी आपलें गाणें स्वतःच जगापुढें ठेवूं शकते. वामनदादा कर्डकांचीं गीतें ज्या वस्त्यांबाहेर क्वचितच पोहोंचत, त्या वस्त्यांबाहेरील घरांतही आज तीं कोणालाही लावतां येतात. ही मोकळीक अल्प नव्हे.

आत्माविष्काराचा प्रश्न मात्र याहून नाजूक आहे. व्हॉट्सॲपच्या ‘स्टेटस’वर गाण्याचा तुकडा लावावयाचा आणि २४ तासांनीं तो आपोआप पुसला जावयाचा, या प्रकारास आम्ही बरेच दिवस निव्वळ मिरवणें समजत होतों. आमच्या वर्गांत समुद्रपूर तालुक्यांतील एक विद्यार्थी होता. कपाशी हातची गेली त्या वर्षीं तो रोज सुरेश भटांची एकच गझल लावी. आम्हीं थोड्या उपहासानेंच त्याला कारण विचारलें. तो म्हणाला, “सर, घरचें कोणाला सांगतां येत नाहीं. गाणें लावलें कीं सांगितल्यासारखें वाटतें.”

“मग कोणी कांहीं विचारलें कां?”

“नाहीं सर. पण सत्तर जणांनीं पाहिलें.”

पाहिलें! गाण्याबद्दल हें क्रियापद वापरलें जावें, यांतच आमच्या म्हणण्याचें सार आलें. दुसऱ्याच्या शब्दांतून आपलें दुःख बोलणें यांत खोटें कांहीं नाहीं. ओवी गाणाऱ्या आमच्या आज्याही तेंच करीत. परंतु जात्यावर समोर दुसरी बाई बसलेली असे आणि ओवी संपेपर्यंत तिला उठतां येत नसे. त्या मुलाजवळ गाणें होतें, सत्तर प्रेक्षक होते. श्रोता एकही नव्हता. त्याचा आविष्कार अपुरा राहिला, तो त्याच्या दोषानें नव्हे, आमच्या.

आम्हीं त्याला तें गाणें तेथेंच मोठ्यानें लावावयास सांगितलें. गझल हा आमचा प्रांत नव्हे आणि तसलें गाणें आम्ही स्वतः होऊन कधीं लाविलें नसतें. दोघेही शेवटच्या ओळीपर्यंत बसून राहिलों. त्यानंतर तो घरच्याविषयीं बोलूं लागला.