कुर्ट मोल : खर्ज, संयम आणि भूमिकांची निवड

ऑपेरात पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजाला ‘बास’ म्हणतात. जर्मन बास गायक कुर्ट मोल (१९३८–२०१७) यांच्या खोल खर्जाची नेहमी स्तुती होते. माझ्या मते ती अपुरी आहे. खर्ज ही देणगी होती. ती कशी वापरली, हे खरे कर्तृत्व.

मोझार्टच्या ‘डी एंटफ्यूरुंग आउस डेम सेराय’ या ऑपेरातील ओस्मिन हा पहारेकरी पाहा. त्याच्या एका गाण्यात सुमारे ७३ हर्ट्झचा सूर बराच वेळ धरावा लागतो. इतक्या खालच्या सुराला आपला कान फारसा संवेदनशील नसतो आणि गायकापुढे मायक्रोफोनही नसतो. मग आवाज पोहोचतो कसा? २,५०० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास वाद्यवृंदाची ऊर्जा कमी असते. तिथले स्वरांश कसलेला गायक बळकट करतो. कार्ल ब्योम यांच्या १९७३च्या ध्वनिमुद्रणात मोल यांचा ओस्मिन ऐका. सूर तळाला गेला तरी शब्द बुडत नाहीत.

ही तयारी झटपट झालेली नाही. कोलोनपासून सुरुवात करून त्यांनी माइन्त्स आणि वुपर्टाल इथल्या लहान ऑपेरागृहांत वर्षे काढली. हॅम्बुर्गचे मोठे ऑपेरागृह मिळाले ते तिशी ओलांडल्यावर, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये ते प्रथम गायले १९७८ साली. वाग्नरच्या ऑपेरांत नाव कमावूनही वोटान आणि हान्स झाक्स या मोठ्या भूमिका त्यांनी घेतल्या नाहीत. त्या भूमिकांचा बराच भाग बासच्या सोयीच्या पट्टीच्या वर राहतो. प्रसिद्धीसाठी गळा ताणण्याचा मोह त्यांनी टाळला.

मर्यादा नव्हती असे नाही. त्यांच्या आवाजातच एक खानदानी ऊब होती. त्यामुळे वाग्नरचा हुंडिंग त्यांच्या गळ्यात हवा तितका रानटी वाटत नाही. पण तीच ऊब ‘पार्सिफाल’मधल्या वृद्ध गुर्नेमान्त्सला शोभून दिसते. कारायान यांच्या ध्वनिमुद्रणात पहिल्या अंकातले त्याचे लांबलचक निवेदन कंटाळवाणे होत नाही, कारण ते व्याख्यान न वाटता आठवण वाटते.

२००६ साली म्युनिकमध्ये त्यांनी रंगमंचाचा निरोप घेतला, तो ‘डी माइस्टरझिंगर’मधल्या रात्रीच्या पहारेकऱ्याच्या छोट्या भूमिकेतून. तुम्ही उद्या कोणत्याही क्षेत्रात जा. आपली पट्टी कोणती, हे ओळखणे आणि त्याबाहेरच्या कामाला नाही म्हणणे हेही कौशल्यच आहे. मोल यांची चार दशकांहून मोठी कारकीर्द त्याच्या आधारावर उभी राहिली.