वर्तुळाला आरंभ कोठें?

फलज्योतिष खरें कीं खोटें, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे, आणि दोन्ही पक्षांपाशीं नवें सांगण्यासारखें आतां फारसें उरलेलें नाहीं. त्या वादांत शिरण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. काव्याचें परीक्षण करितांना त्याची मध्यवर्ती प्रतिमा कोणती आणि ती शेवटपर्यंत कितपत सांभाळली गेली, हें आपण पाहतों. तीच दृष्टि ज्योतिषाकडे वळवून पाहावी असें वाटतें. ह्या शास्त्राची मध्यवर्ती प्रतिमा वर्तुळ ही होय.

आधीं एक मौज सांगितली पाहिजे. 'कुंडली' म्हणजे वेटोळें आणि 'राशिचक्र' म्हणजे चाक. असें असून आपल्या घरांतील पत्रिकेवर वर्तुळ कोठेंच नसतें. महाराष्ट्रांत व उत्तरेकडे चौकोनांत रेघा ओढून बारा घरें पाडतात. दक्षिणेंत चौकोनाच्या कडेनें बारा कोठे मांडतात. युरोपांतहि कित्येक शतकें पत्रिका चौकोनीच काढीत असत. वर्तुळ कागदावर नसतें. वाचणारानें तें मनांत धरावयाचें असतें.

तें एकदां मनांत धरलें म्हणजे रचनेचा रेखीवपणा दिसूं लागतो. जन्मसमयीं पूर्वक्षितिजावर उगवत असलेली राशि तें लग्न. माथ्याकडचें दहावें स्थान, पश्चिमेस मावळतें तें सातवें आणि पायांखालचें चौथें. ह्या चारांना केंद्रें म्हणतात. 'केंद्र' हा शब्द ग्रीकांकडून आपल्याकडे आला, आणि सप्तम स्थानाचें जुनें नांव 'जामित्र' हेंहि ग्रीकांच्या व्यासवाचक शब्दावरूनच आलेलें आहे. व्यासाच्या एका टोकाला 'मी', दुसऱ्या टोकाला जोडीदार! वर्तुळावर आपल्यापासून सर्वांत दूर, आणि तरीहि ज्याच्यावांचून आपला व्यास पुरा होत नाहीं, असा तो दुसरा. विवाहाविषयीं इतकी अर्थपूर्ण प्रतिमा काव्यांतहि क्वचितच आढळेल. वराहमिहिरानें बृहज्जातकांत हेंच चक्र काळपुरुषाचा देह मानिलें. मेष हें त्याचें मस्तक, मीन हीं त्याचीं पाउलें. चक्र मिटलें कीं पाउलें मस्तकाला येऊन मिळतात.

येथपर्यंत प्रतिमा निर्दोष आहे. दोष पुढें शिरतो. वर्तुळाचा धर्मच असा कीं, त्याला आरंभ नाहीं. परिघावरील सर्व बिंदूंची योग्यता सारखी. परंतु मोजावयाचें म्हटलें म्हणजे कोठून तरी आरंभ करावाच लागतो, आणि तो बिंदु मनुष्यच ठरवितो. सायनवादी तो वसंतसंपाताशीं धरितात, निरयनवादी स्थिर तारकांच्या आधारें धरितात. संपात दरवर्षीं सुमारें ५० विकला मागें सरकतो व सुमारें २६ हजार वर्षांत एक फेरा पुरा करितो. त्यामुळें ह्या दोन आरंभांत आज सुमारें २४ अंशांचें अंतर पडलें आहे. ५ एप्रिलला जन्मलेल्या मुलाचा सूर्य लंडनच्या ज्योतिष्याच्या मतें मेषेंत असतो, पुण्याच्या ज्योतिष्याच्या मतें मीनेंत! निरयनवाद्यांतहि एकमत नव्हतेंच. म्हणून मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीला १९५५ सालच्या अहवालांत अयनांश ठरवून द्यावे लागले. ह्यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. परंतु जें आपणच ठरवून घेतलें, तें विधिलिखित म्हणून दुसऱ्याच्या माथीं मारणें हा मात्र त्या वर्तुळाशींच द्रोह होय.

ह्या द्रोहाची झळ कोणाला लागते, हें मुली असलेल्या घरांना सांगावयास नको. लग्न, चतुर्थ, सप्तम, अष्टम आणि द्वादश ह्यांपैकीं कोठेंहि मंगळ असला कीं मुलगी मंगळी ठरते. बारांपैकीं पांच घरें! म्हणजे नुसत्या लग्नावरून पाहिलें तरी शंभरांत सुमारें चाळीस जणांना हा दोष लागावयाचा. माझ्या नात्यांतील एका मुलीचें जमत आलेलें लग्न ह्याच कारणानें मोडलें. तिच्या सप्तमांत मंगळ निघाला. जन्मवेळ आजीनें आठवून सांगितलेली होती. लग्नराशि साधारण दोन तासांनीं बदलते; जन्म प्रत्यक्षांत तासाभर उशिरां झाला असल्यास मंगळ षष्ठांत गेला असण्याचा, म्हणजेच दोष मुळींच नसण्याचा संभव होता. हें कोणीं विचारिलें नाहीं. मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें पत्रिकेची घडी घालून ती कपाटांत ठेवून दिली.

आणि इतिहासाची थट्टा अशी कीं, आकाशांतील वर्तुळाचें साम्राज्य ज्यानें मोडलें तो ग्रह मंगळच होय. ग्रहांची गति वर्तुळांनींच समजावून दिली पाहिजे, हा समज ग्रीकांच्या काळापासून चालत आलेला होता. टायको ब्राहेच्या वेधांवरून केप्लर मंगळाची कक्षा बसवूं लागला, तेव्हां वर्तुळावर रचिलेलें गणित वेधांशीं ८ कलांनीं जुळेना. ८ कला म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम चौथा भाग! तेवढ्यासाठीं त्यानें अनेक वर्षांचें गणित टाकून दिलें, आणि १६०९ सालीं मंगळाची कक्षा दीर्घवर्तुळ असल्याचें प्रसिद्ध केलें. हा केप्लर स्वतः पत्रिका मांडीत असे. आवडत्या प्रतिमेपेक्षां वेध मोठा, एवढें तो जाणून होता.

८ कलांसाठीं त्यानें वर्तुळ सोडलें. २४ अंशांचा वाद आणि तासाभराचा संशय पोटांत घालून आपण मुलींची लग्नें मोडतों. वर्तुळ घरांतून हद्दपार करावें असें माझें म्हणणें नाहीं. प्रतिमा म्हणून तें सुंदर आहे आणि तें राहावें. परंतु पुढच्या वेळीं पत्रिका उघडाल तेव्हां सप्तम स्थानीं मंगळ आहे कीं नाहीं हें पाहण्यापूर्वीं, व्यासाच्या त्या टोकाशीं एक माणूस उभें आहे, एवढें अवश्य पाहावें.