सिद्दींची लुप्त भाषा : शब्दसाम्य आणि पुरावा

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा, हल्याळ, यल्लापूर इत्यादी तालुक्यांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यात मुस्लिम, ख्रिस्ती व हिंदू असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले जे आफ्रिकी गुलाम घाटावरच्या जंगलात पळून आले, त्यांचे हे वंशज मानले जातात. पूर्वजांची भाषा आता कोणी बोलत नाही आणि तिची पुरेशी नोंदही झालेली नाही. तरीही ‘सिद्दींची मूळ भाषा स्वाहिली’ असे विधान सर्रास केले जाते. त्याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

या विधानासाठी गुजरातमधील सिद्दींच्या ‘गोमा’ नृत्याचा दाखला दिला जातो. ‘गोमा’ हा शब्द स्वाहिलीतील ‘न्गोमा’शी (ढोल, नृत्य) जुळतो, हे खरे. परंतु ‘न्गोमा’ बांटू कुळातील अनेक भाषांत आढळतो. त्यावरून कूळ कळते, भाषा ठरत नाही. गोव्यात आलेले कित्येक गुलाम मोझांबिकचे होते आणि तेथे मखुवासारख्या अन्य बांटू भाषाही आहेत. इकडच्या सिद्दींच्या ‘दमाम’ या वाद्याचे नावही आफ्रिकी वाटते. पण नगारा या अर्थाचा फारसी ‘दमामा’ उर्दूच्या वाचकांस परिचित आहे. वादक आफ्रिकी वंशाचे, म्हणून वाद्याचे नावही आफ्रिकी, असे म्हणता येत नाही.

अपुऱ्या नोंदींवरून नाते ठरवण्याची अडचण अन्यत्रही आहे. उत्तर कोरिया व मांचुरियात पसरलेल्या प्राचीन गोगुर्यो राज्याच्या लुप्त भाषेचे शब्द ११४५ मधील ‘सामगुक सागी’ या ग्रंथातील स्थलनामांतून शोधले जातात. त्यांतील तीन, पाच, सात व दहा या संख्या जपानीशी जुळतात. म्हणून काही अभ्यासक ही भाषा कोरियनपेक्षा जपानीला जवळची मानतात. ही नावे गोगुर्यो लोकांची की त्यांच्या आधीच्या रहिवाशांची, असा इतरांचा आक्षेप आहे. संख्यावाचक शब्द हाती असूनही तो वाद मिटलेला नाही. मग दोन वाद्य-नृत्यांच्या नावांवर आपण किती भार टाकावा?

सिद्दींची आजची घरची बोली कोकणीच्या पायावर उभी असून तिच्यात मराठी, कन्नड व उर्दू शब्द मिसळले आहेत. हरवलेल्या भाषेच्या आकर्षणापायी या जिवंत बोलीकडे दुर्लक्ष होणे हे दुहेरी नुकसान ठरेल. नातेवाचक शब्द, झाडाझुडपांची नावे, अंगाईगीते यांची नोंद तिन्ही धर्मांच्या घरांतून स्वतंत्रपणे व्हावयास हवी. एखादा आफ्रिकी शब्द उरला असेल, तर तो अशा नोंदींतच सापडेल.